डी विटची पक्कड चीनला गेली, तेव्हा मागे काय राहिले

तुमचे प्रश्न दोन आहेत. तुमच्याकडे अमेरिकेतल्या 'डी विट, नेब्रास्का' असा छाप असलेली जुनी व्हाइस-ग्रिप, म्हणजे दाबली की लॉक होऊन वस्तू धरून ठेवणारी पक्कड, आहे आणि त्याच नावाची, त्याच मापाची चीनमध्ये बनलेली नवीही आहे. नवी तितकी घट्ट धरत नाही, कडा झिजलेल्या नटावरून घसरते. हा चिनी पोलादाचा दोष आहे का? आणि यापुढे अवजार घेताना त्यावर कोरलेला देश बघून घ्यावे का?

पोलादाचा दोष असण्याची शक्यता सगळ्यात कमी. देशाचे नाव बघून थोडे कळते, पण तुम्हाला वाटते तेवढे नाही. माझी सगळी नोकरी फोर्जिंग (तापलेले पोलाद ठोकून आकार देणे) आणि हीट ट्रीटमेंट (तापवून-थंड करून ते कठीण करणे) यांत झाली. त्यातला मोठा भाग एका कारखान्यात चालू असलेले काम दुसऱ्या कारखान्यात उभे करण्यात गेला, म्हणून याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी घडले काय ते. विल्यम पीटरसन हा डेन्मार्कमधून अमेरिकेत आलेला लोहार. धरलेली वस्तू आपोआप धरून ठेवणारी पक्कड त्याला हवी होती. पहिले पेटंट १९२१ चे आणि लॉक होणाऱ्या दांड्याचे १९२४ चे. सुरुवातीला तो ती शेतकऱ्यांना आणि मेकॅनिकना स्वतः फिरून विकत असे. १९३८ मध्ये डी विट या खेड्यात कारखाना सुरू झाला आणि दुसऱ्या महायुद्धात जहाजबांधणीच्या कामात ही पक्कड सर्रास वापरली गेली. एका झटक्यात पकड सोडवणारा छोटा लीव्हर १९५७ मध्ये आला. पुढे कंपनी अमेरिकन टूल या नावाने मोठी झाली आणि २००२ मध्ये न्यूवेल रबरमेड या मोठ्या समूहाने ती विकत घेतली. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी डी विटचा कारखाना बंद झाला आणि उत्पादन चीनला गेले. सहाशेच्याही आत वस्ती असलेल्या त्या गावात तीनशेहून जास्त लोकांचे काम गेले. २०१७ मध्ये हा ब्रँड त्याच समूहाच्या आयर्विन या अवजारांच्या नावासकट स्टॅनली ब्लॅक अँड डेकर या अवजार कंपनीकडे गेला.

हे एकट्या व्हाइस-ग्रिपचे झाले असे नाही. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या मार्पल्स पटाशांचे आणि रेकॉर्ड व्हाइसचे (कामाच्या टेबलावरच्या शिकंज्याचे) हेच झाले, आणि क्राफ्ट्समन या अमेरिकन ब्रँडच्या सॉकेट (नटावर टोपीसारखे बसणारे तोंड) आणि पान्ह्यांचेही, ज्यांच्याकडे मी पुढे येतोच. सगळीकडे क्रम साधारण सारखा दिसतो. कुटुंबाने चालवलेला कारखाना मोठ्या समूहाकडे जातो. त्या समूहासाठी पक्कड म्हणजे शेकडो वस्तूंपैकी एक ओळ. मग त्या ओळीतली स्वस्त मॉडेल बाहेर बनवून घेतली जातात, नंतर सेट, आणि शेवटी मुख्य माल.

हातअवजारेच इतक्या सहज का हलवली जातात, याचे कारण त्यांच्या खर्चातच आहे. पोलादाच्या भावात देशोदेशी फरक असतो, पण तो त्या मानाने मर्यादित. पकडीच्या किमतीत खरा भार असतो तो माणसांच्या कामाचा. फोर्जिंगनंतर कडेला राहिलेली जादा धातूची पातळ झालर (फ्लॅश) छाटायची, जबडा ग्राइंड करायचा, दाते पाडायचे, भोके मारायची, पॉलिश करायचे, प्लेटिंगसाठी (वर क्रोमसारखा थर चढवण्यासाठी) टांगायचे, रिव्हेट मारून जोडायचे आणि एकेक तपासायचे. यातले बरेच काम हातानेच होते. मोठ्या साखळी दुकानांना ठरलेल्या किमतीच्या टप्प्यातच माल हवा असतो. शेल्फवर शेजारी आयात केलेली पक्कड निम्म्या किमतीत टांगलेली असली की जुन्या कारखान्याच्या व्यवस्थापकाकडे वाद घालायला फार काही उरत नाही. मी अशा व्यवस्थापकांबरोबर बसलेलो आहे. त्यांनी माल वाईट करायचे ठरवलेले नसते. 'तीच पक्कड, तेच ड्रॉइंग, फक्त पत्ता नवा' यावर त्यांचा मनापासून विश्वास असतो. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

ड्रॉइंगमध्ये काय नसते, ते याच पकडीवर दाखवतो.

व्हाइस-ग्रिप लॉक कशी होते? हलणाऱ्या जबड्याला खालचा दांडा एका रिव्हेटने जोडलेला असतो. त्या दांड्याला मध्ये एक दुवा असतो, आणि दुव्याचे मागचे टोक वरच्या दांड्यातल्या स्क्रूवर टेकते. दांडा दाबला की जबड्याचे रिव्हेट, दुव्याचे रिव्हेट आणि स्क्रूवरचे टोक हे तीन बिंदू एका रेषेत यायला लागतात. रेषेजवळ दाब झपाट्याने वाढतो. रेषा किंचित ओलांडली की दुवा एका टेकूवर येऊन थांबतो आणि पक्कड लॉक होते. त्यानंतर तुमचा हात काही धरत नसतो. जबडा, दुवा आणि दांडा स्प्रिंगसारखे थोडेसे ताणलेले असतात, तो ताण वस्तू धरून ठेवतो.

आता रेषा किती ओलांडायची? फार कमी ओलांडली तर धक्का बसताच पक्कड फटकन उघडते. फार जास्त ओलांडली तर जबडा पुन्हा सैलावतो आणि मिळवलेला दाब निघून जातो. हे अंतर मिलिमीटरच्या अंशात असते. टेकूची जागा ज्या डायने (आकार देणाऱ्या साच्याने) ठरते ती डाय झिजत असते, पत्र्याची जाडी प्रत्येक कॉइलला थोडी बदलते, आणि रिव्हेटची भोके आपापल्या टॉलरन्समध्ये (मापात चालणाऱ्या फरकात) वेगवेगळी बसतात. ड्रॉइंगवर या सगळ्यांना मर्यादा दिलेल्या असतात. पण प्रत्येक भाग मर्यादेत असूनही सगळे एकाच बाजूच्या टोकाला असतील, तर जोडलेली पक्कड वाईट निघू शकते.

एका परदेशी ब्रँडच्या अशाच पकडीचे काम आमच्याकडे आले होते. पहिल्या लॉटचे प्रत्येक माप बरोबर, हार्डनेस बरोबर, तरी बारवर लावून हिसका दिला की काही पकडी उघडायच्या. मापांमध्ये काही सापडेना. शेवटी ब्रँडच्या जुन्या कारखान्यातला निवृत्त फोरमन आला. त्याने गेज मागितले नाही, एक गोल सळई मागितली. एकेक पक्कड तिच्यावर बंद करायची, अंगठ्याखाली बसणारा टिचका जाणवून घ्यायचा, आणि तो मऊ लागला की ती पक्कड डावीकडे ठेवायची. डावीकडच्या सगळ्या पुन्हा तपासल्या तेव्हा उघडणाऱ्या नेमक्या त्यांच्यातच निघाल्या. मग त्याने सांगितले की त्यांच्याकडे जोडणीच्या शेवटच्या टेबलावर हे प्रत्येक नगाचे केले जायचे, आणि टिचका मऊ असेल तर टेकूला हातोडीचा एक हलका ठोका देऊन तो सरकवला जायचा. कोणत्याही प्रोसेस शीटवर ते लिहिलेले नव्हते. लिहिण्यासारखे काही आहे असे त्या टेबलावरच्या कुणालाच वाटले नव्हते, कारण तिथे बसणाऱ्या प्रत्येकाला आधीच्या माणसाने ते शेजारी बसवून शिकवले होते. कारखाना हलवताना यंत्रे, डाय, गेज आणि ड्रॉइंग कंटेनरमध्ये भरता येतात. ते टेबल भरता येत नाही.

नव्या पकडीचा आणखी एक दोष लोक सांगतात: जबडे समोरासमोर येत नाहीत. दांड्याच्या दिशेने असलेली ढिलाई मागचा स्क्रू फिरवून भरून काढता येते. आडवी ढिलाई मात्र भरून काढता येत नाही. रिव्हेट भोकात सैल बसले असेल तर जोर येताच हलणारा जबडा बाजूला कलतो, दातांची पूर्ण रुंदी टेकण्याऐवजी एकच कड टेकते आणि कडा झिजलेला नट निसटतो. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय यावरच आहे.

दुसरा संशय दातांवर. इथे पोलादाचा विषय येतो, पण पोलाद कुठले यापेक्षा त्याला पाणी कसे दिले, म्हणजे तापवून आणि थंड करून कठीण कसे केले, हा प्रश्न मोठा आहे. क्रोम-व्हॅनेडियम किंवा क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद चीनमध्ये उत्तम मिळते, आणि त्याची रासायनिक तपासणी काही मिनिटांत होते. तिथे फसवणूक करणे अवघड आहे. भट्टीत काय घडते ते पाहणे त्याहून खूप कठीण. तापलेल्या भट्टीतल्या वातावरणावर नियंत्रण नसेल तर पोलादाच्या पृष्ठभागातला कार्बन जळून जातो. वरचा पातळ थर मऊ पडतो आणि आतला भाग ठीक राहतो. आता तपासणारा काय करतो? कठीणपणा मोजणाऱ्या रॉकवेल मशीनवर ठेवण्याआधी नग ग्राइंड करून सपाट करतो, कारण पद्धत तशीच आहे, आणि नेमका तो मऊ थर घासून टाकतो. आकडा चांगला येतो, रिपोर्ट पास होतो. दातांच्या टोकांना मात्र कुणी ग्राइंड करत नाही. तिथे मऊ थर तसाच राहतो, आणि टोके पहिल्या पाच-दहा वापरांत गोल होतात.

तिसरी गोष्ट टोपलीची. जबडे टोपलीत भरून भट्टीत आणि तिथून तेलात जातात. एका थरात मांडले तर तेल सगळ्यांभोवती फिरते. ढीग केला तर मधले नग हळू थंड होतात आणि मऊ राहतात. नमुना घेणारा वरचा नग उचलतो. तासाला जास्त माल काढायचा दबाव असला की टोपली आपोआप ढिगाने भरू लागते. हा प्रकार मी तीन वेगवेगळ्या देशांतल्या भट्ट्यांवर पाहिला आहे, त्यामुळे हा एका देशाच्या माणसांचा दोष आहे असे कुणी म्हटले की मला पटत नाही.

प्लेटिंगचेही थोडक्यात सांगतो. चकचकीत क्रोम चढवताना कठीण पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होते. प्लेटिंगनंतर लवकरच साधारण २०० अंश सेल्सियसला काही तास भाजले तर तो निघून जातो. हे भाजणे नजरेला दिसत नाही. वेळ आणि वीज वाचवायची असेल तर पहिल्यांदा तेच गळते. सॉकेटला अचानक उभी चीर जाते, तेव्हा ज्या गोष्टी तपासाव्यात त्यांत ही एक आहे.

या सगळ्यात चिनी कारखान्याची बाजूही ऐकायला हवी, कारण मी त्यांच्याबरोबर काम केले आहे. एकाच छताखाली तीन ब्रँडचा माल तीन वेगळ्या दर्जाने निघताना मी पाहिला आहे. फरक असतो खरेदीदार काय मागतो, काय नाकारतो आणि नाकारल्यावर किंमत वाढवून द्यायला तयार असतो का, यात. दरवर्षी भाव दोन-तीन टक्क्यांनी कमी करा असे सांगणाऱ्या खरेदीदाराला कारखाना तो भाव देतो. तो देताना टोपली भरते, भाजणे कमी होते, पत्रा थोडा पातळ होतो. कागदावर सगळे मर्यादेतच असते.

याच्या उलट उदाहरण तैवानचे. ताइचुंगच्या आसपास हातअवजारांच्या लहान-मोठ्या कारखान्यांचे दाट जाळे आहे: एक फोर्जिंग करणारा, दुसरा ब्रोचिंग (दातेरी अवजार ओढून भोकाला आकार देणे) करणारा, तिसरा प्लेटिंग करणारा, सगळे एकमेकांच्या शेजारी. हे लोक एकेका कामात इतके मुरले आहेत की रॅचेट (एकाच दिशेने फिरवणारा दांडा) आणि सॉकेटमध्ये आज जगातला उत्तम माल बनवणाऱ्यांत त्यांची गणना होते. सुरुवातीला तैवानचा मालही 'स्वस्तातला' म्हणूनच ओळखला जात असे. पिढ्या एकाच कामात टिकल्या आणि खरेदीदारही टिकले, म्हणून ते बदलले.

आता क्राफ्ट्समनकडे वळतो, कारण मोफत बदलून देण्याच्या हमीवर लोक अजून विश्वास टाकून आहेत. सीअर्स या अमेरिकेतल्या मोठ्या दुकान-साखळीने हे नाव १९२७ मध्ये विकत घेतले. सीअर्सने अवजारे स्वतः कधी फारशी बनवली नाहीत, ती चांगल्या अमेरिकन कारखान्यांकडून करून घेतली. पान्हा तुटला तर दुकानात न्यायचा, काही न विचारता नवा मिळायचा. पान्हा बनवायला महाग होता तोवर ही हमी दर्जावर पहारा ठेवत होती. प्रत्येक परत आलेला पान्हा कंपनीला झोंबायचा, म्हणून तो परत येऊ नये अशीच काळजी घेतली जायची. २०१० नंतरच्या काही वर्षांत सॉकेट आणि पान्ह्यांचा मोठा भाग चीनमध्ये बनू लागला आणि नग स्वस्त झाला. आता बदलून देणे हे नीट बनवण्यापेक्षा स्वस्त पडू शकते. हमीचे शब्द तेच राहिले, पण तिच्यामागचा हिशोब पार बदलला. म्हणून आजीवन हमी वाचून दर्जाचा अंदाज बांधू नका.

पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०१७ मध्ये सीअर्सने क्राफ्ट्समन सुमारे ९० कोटी डॉलरच्या व्यवहारात स्टॅनली ब्लॅक अँड डेकरला विकले. नव्या मालकाने २०१९ मध्ये जाहीर केले की टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ इथे सुमारे ९ कोटी डॉलर घालून कारखाना उभारू, सॉकेट, रॅचेट, पान्हे पुन्हा अमेरिकेत बनवू, आणि सुमारे ५०० जणांना काम देऊ. अत्याधुनिक स्वयंचलित यंत्रांवर सगळी भिस्त होती, कारण मजुरी वाचली तरच चीनच्या भावाला भिडता येणार होते. यंत्रे हवी तशी चालली नाहीत, माल वेळेवर बाजारात आला नाही, आणि मार्च २०२३ मध्ये कारखाना बंद करण्याची घोषणा झाली.

डी विटचेही तसेच. माल्को या मिनेसोटाच्या कंपनीने २०१७ मध्ये तोच जुना कारखाना घेतला आणि ईगल ग्रिप नावाची लॉकिंग प्लायर (व्हाइस-ग्रिपसारखीच लॉक होणारी पक्कड) तिथे बनवायला सुरुवात केली. ज्यांनी ती वापरली ते तिचे कौतुक करतात. पण आयात मालाच्या शेजारी तिची किंमत फार वर होती. २०२२ मध्ये माल्कोने ते उत्पादन थांबवायचे ठरवले. कारखाना बंद होऊन दशक उलटले होते. टेबलावरची माणसे पांगली होती, आणि ग्राहकालाही नव्या किमतीची सवय झाली होती. पैसे घातले की कारखाना परत आणता येतो असे मानणाऱ्यांनी ही दोन उदाहरणे नीट अभ्यासावीत अशी माझी मनापासून इच्छा आहे. जाताना जे हरवते तेच परत येताना सापडत नाही, आणि ते पुन्हा तयार व्हायला माणसांची एक पिढी लागते.

जे हलले नाहीत त्यांच्याकडे पाहिले तरी हेच दिसते. पेनसिल्व्हेनियातल्या मीडव्हिलची चॅनेललॉक आणि जर्मनीतल्या वुपरटालची क्निपेक्स या दोन्ही कंपन्या आजही कुटुंबाच्या मालकीच्या आहेत आणि पक्कड हाच त्यांचा मुख्य धंदा आहे. त्यांचा माल महाग आहे. तो महाग का, हे ग्राहकाला हातात धरल्यावर कळते, म्हणून त्या टिकल्या.

आता खरेदीचे. देशाचा छाप वाचा, पण नीट वाचा. अमेरिकेत 'मेड इन यूएसए' असे बिनशर्त लिहायला माल जवळजवळ पूर्णपणे तिथेच बनलेला असावा लागतो, आणि २०२१ पासून हे व्यापार आयोगाच्या पक्क्या नियमात आहे. 'जागतिक साहित्यातून अमेरिकेत बनवलेले' असे लिहिले असेल तर अर्थ वेगळा. आणि झेंडा, जुने बोधचिन्ह, 'स्थापना अमुक साली' यांचा उत्पादनाच्या जागेशी काही संबंध नसतो.

त्याहून भरवशाचे म्हणजे हातात घेऊन तपासणे. लॉकिंग प्लायर असेल तर जबडे अलगद बंद करून उजेडासमोर धरा. दातांच्या पूर्ण रुंदीवर सारखी फट दिसली पाहिजे. मग हलणारा जबडा चिमटीत धरून आडवा हलवा. किंचित हालचाल चालेल, टकटक आवाज येता कामा नये. स्क्रू मोजक्या आट्यांनी सरकवत पेन्सिलीसारख्या गोल वस्तूवर दोन-तीन वेळा लॉक करा. टिचका प्रत्येक वेळी सारखा आणि स्पष्ट यायला हवा. घरी आणल्यावर बारीक कानस एका दाताच्या टोकावरून हलकेच फिरवा. ती घसरली तर दात कठीण आहे, सहज खोल चावली तर वरचा थर मऊ असण्याची शक्यता आहे आणि पक्कड त्याच दिवशी परत करा. सॉकेटमध्ये आत डोकावा: चौकोनी भोक मध्यभागी आहे का, भिंतीची जाडी सगळीकडे सारखी आहे का, कोपऱ्यात क्रोमची पापुद्री सुटली आहे का. एवढ्या तपासणीत शिक्का न वाचताही बराचसा निकाल लागतो.

तुमची जुनी पक्कड टाकू नका. दातांत साचलेला चिखल आणि गंज ताराच्या ब्रशने काढा, रिव्हेटवर पातळ तेलाचे थेंब सोडून दांडे वीस-पंचवीस वेळा उघड-बंद करा. स्प्रिंग मरगळली असेल तर त्या लांबीची आणि ताकदीची दुसरी बसते. रिव्हेट सैल झाले असेल तर त्याचे एक डोके जड ऐरणीवर टेकवून दुसऱ्यावर हातोडीने हलके ठोके द्या, मध्ये मध्ये आडवी ढिलाई बघत राहा, आणि दांडा अडखळू लागण्याआधी थांबा. जबड्याला मात्र गॅस किंवा वेल्डिंगची आच कधीही लावू नका. दातांचा रंग निळा झाला की भट्टीत दिलेले पाणी उतरले, आणि मग ती पक्कड कडा झिजून गोल झालेला नट धरणार नाही.